खंजिराची कळ आणि घडून गेलेलं

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात एका साहसपटाच्या डिस्कचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. काम आहे. ‘घडून गेलेलं पुसता येतं का’ हा प्रश्न आपण गेल्या दोन व्याख्यानांत ग्रंथांच्या आधारे पाहिला. आज तोच प्रश्न ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या चित्रपटाला विचारू, आणि त्याहून जास्त त्याच्या घरी बघायच्या आवृत्तीला.

चित्रपट मे २०१०चा. दिग्दर्शक माइक न्यूएल, निर्माते जेरी ब्रुकहायमर, कंपनी डिस्ने. पैसा बक्कळ ओतलेला, आणि चित्रीकरण बरंचसं मोरोक्कोत. इराणच्या राजपुत्राच्या भूमिकेत जेक जिलनहाल, आणि दुष्ट काका निझामच्या भूमिकेत बेन किंग्जली. इराणी माणसं साकारायला इराणी नट का मिळू नयेत, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता, आणि तो आम्हांलाही रास्त वाटतो. पण आजचा मुद्दा तो नाही.

१४ सप्टेंबर २०१० रोजी अमेरिकेत या चित्रपटाची डीव्हीडी आणि ब्लू-रे निघाली. ब्लू-रेवर एक गंमत आहे. चित्रपट चालू असताना पडद्यावर खंजीर दिसतो, आपण रिमोटची कळ दाबायची, की काळ ‘मागे’ जातो आणि त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाची हकिकत दिसते. असे चाळीसहून अधिक तुकडे आहेत: भिंतीवर कसे चालले, मोरोक्कोत काय झालं, शहामृगावर बसणारे स्वार कसे निवडले. चित्रपटात नायकाच्या हातात जो खंजीर आहे, तोच घरी आपल्या हातात दिलेला आहे. विक्रीची युक्ती म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण आम्हांला वाटतं, या डिस्कने नकळत चित्रपटाचं वर्म दाखवलं आहे. ते कळायला मूळ खेळांकडे जावं लागेल.

१९८९ साली जॉर्डन मेकनर या तरुणाने ॲपल टू संगणकासाठी पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ केला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात संगणकाच्या वर्गात ज्यांनी पाऊल टाकलं, त्यांना तो आठवत असेल. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो सगळीकडे पोचला होता. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उडी मारायला लावून मेकनरने त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. म्हणून तो राजपुत्र पडला की खरंच लागल्यासारखं वाटे. साठ मिनिटं हातात. मेलात तर पुन्हा सुरुवात करा, कितीही वेळा, पण गेलेली मिनिटं गेली. आणि एक आरसा होता. त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली वेगळी होऊन पळून जाई. पुढे ती तलवार घेऊन समोर उभी राही. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागे. उपाय एकच होता, तलवार म्यान करायची. संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत नवा शत्रू मावेना म्हणून ही सावली जन्माला आली, असं मेकनरनेच सांगितलं आहे. अडचणीतून एवढा चांगला नीतिविचार निघाल्याचं उदाहरण आम्हांला पटकन दुसरं आठवत नाही.

२००३ साली युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने नवा खेळ काढला. कथा मेकनरचीच, आणि चित्रपटाचं नाव याच खेळावरून घेतलेलं. यात खंजीर आला. (खंजीर, वजीर हे शब्द आपल्याकडे तिकडूनच आले, हे जाता जाता.) कळ दाबली की काही सेकंद मागे जाता येतं, पण खंजिरातली वाळू संपते. ती मिळवावी लागते. विशेष म्हणजे सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः कुणालातरी सांगतो आहे. खेळणारा मेला, की तो म्हणतो, छे, असं नव्हतं झालं. म्हणजे खेळणाऱ्याचं मरण ही सांगणाऱ्याची चूक ठरते!

आता कथा बघा. इराणी सैन्य एका भारतीय महाराजाचा राजवाडा लुटतं. वडिलांची शाबासकी मिळावी म्हणून राजपुत्र तिथला खंजीर उचलतो, आणि वजिराच्या बोलण्याला भुलून स्वतःच्या हाताने काळाची वाळू मोकळी करतो. सर्वनाश होतो, आणि तो त्याने केलेला असतो. महाराजाची मुलगी फराह त्याच्याबरोबर लढते आणि शेवटी मरते. तेव्हा तो काळ थेट हल्ल्याच्या आधीपर्यंत मागे नेतो. कुणीच मेलेलं नाही, आणि फराह त्याला ओळखत नाही. तो तिला सगळी हकिकत सांगतो. आपण ऐकत आलो ती हीच. मग तो तिचं चुंबन घेतो, ती संतापते, तर तेवढाही क्षण तो मागे घेतो. खंजीर तिला परत करतो. ती नाव विचारते, तेव्हा तो एक शब्द उच्चारतो, जो तिने लहानपणापासून फक्त स्वतःपुरता जपलेला असतो, आणि निघून जातो. काळ पुसला, पण पुसणाऱ्याची आठवण पुसली नाही. तेवढी किंमत त्याने मोजली.

चित्रपटाने यातलं काय घेतलं? खंजीर घेतला, वाळू घेतली, नायिकेने हात सोडून दरीत पडणंही घेतलं. अपराध मात्र काढून टाकला. इथला राजपुत्र दास्तान रस्त्यावरचा पोरका मुलगा, राजाने वाढवलेला. राजा मरतो तो दास्तानने दिलेल्या विषारी वस्त्रामुळे, पण कट काकाचा. नायक पहिल्यापासून शेवटपर्यंत निर्दोष. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने दिलेला ट्रकचालक तुम्हांला आठवत असेल. चूक नसताना त्याच्या चाकाखाली मूल येतं. चूक नसली तरी त्याला जी टोचणी लागते, ती बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हळहळीपेक्षा वेगळी असते. वस्त्र ज्याच्या हातून बापाच्या अंगावर गेलं, त्याला ही टोचणी लागायला हवी होती. पटकथा त्याला त्यासाठी दोन मिनिटं थांबू देत नाही, लगेच छपरांवरून पळवते.

याहून गंभीर गोष्ट शेवटी आहे. इराणी सैन्य अलामुत या पवित्र नगरीवर चालून जातं, कारण तिथे शत्रूसाठी शस्त्रं घडतात अशी खोटी खबर काकाने पेरलेली असते. २०१०च्या प्रेक्षकाला इराक आठवावं असाच हा बेत आहे, आणि तो धीटपणा आम्ही मान्य करतो. शेवटी काळ मागे जातो. राजा जिवंत, भाऊ जिवंत, राजकन्या तामिना जिवंत. काकाचं बिंग फुटतं, लग्नाची बोलणी होतात. पण काळ मागे जाऊन थांबतो कुठे? दास्तानच्या हाती खंजीर लागतो त्या क्षणी. नगर तेव्हा पडलेलंच असतं! तटावर जे मेले ते मेलेलेच राहिले. त्यांचं नावही कुणी काढत नाही, आणि ज्यांनी नगर पाडलं त्यांच्याच घरात नगरीची राजकन्या सून म्हणून जायला निघते.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या सहाव्या पुस्तकात म्हटलं आहे की ट्रॉय लुटलेलं असावं की नसावं, असा निर्णय कुणी घेत नसतो. निर्णय पुढच्याचा घ्यायचा असतो, घडलेलं न घडलेलं होत नाही. त्याने उदाहरण पाडलेल्या नगरीचंच घ्यावं, हा योग मोठा आहे. चित्रपट म्हणतो, होतं, कळ दाबा. पण तो आपल्या माणसांपुरतीच कळ दाबतो. खेळ हल्ल्याच्या आधी गेला होता, चित्रपट नंतर थांबला. आमच्या मते दोघांमधलं अंतर ॲक्शनच्या दर्जात नाही, ते इथे आहे.

आता पुन्हा डिस्ककडे. थिएटरात हे लक्षात येणं कठीण, कारण शेवट भरधाव येतो. घरी रिमोट हातात असतो. शेवट पाहून झाल्यावर पुन्हा अलामुतच्या हल्ल्यावर जा आणि नगरीच्या तटावर किती जण पडतात ते बघा. नायकाला आहे तीच सोय आपल्याला आहे, शिवाय मेलेल्यांची आठवण आपल्यालाच आहे, पटकथेला नाही. डिस्कवरचा खंजीर त्या ठिकाणी आपल्याला काय दाखवतो? भिंतीवर चढण्याची कसरत. कसरत उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही.

आणि त्याच ब्लू-रेवर वगळलेला एक प्रसंग आहे. मेजवानी चालू आहे आणि राजपुत्र गार्सिव्ह शत्रूंची मुंडकी सादर करतो. कुटुंबासह बघायच्या चित्रपटातून हा काढला गेला, याचं आम्हांला नवल वाटत नाही. पण दोन तासांत ज्या मेलेल्यांचा हिशेब कुणी केला नाही, त्यांची आठवण देणारी वस्तू त्या पेटीत आहे, मेन्यूच्या एका कोपऱ्यात. ज्यांच्याकडे ही डिस्क असेल त्यांनी आधी तो प्रसंग बघावा आणि मग चित्रपट लावावा. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी ती मुद्दाम मिळवण्याची गरज नाही. २००३चा खेळ मिळाला तर तो खेळावा, किंवा घरातल्या नातवाला खेळायला लावून शेजारी बसावं.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर आहे, हो, बोला.