थांबण्याची वेळ : बालगंधर्व आणि अप्पा बेलवलकर

बालगंधर्वांविषयीच्या मराठी लेखनात एक विधान जवळजवळ ठरल्याप्रमाणे येते. गौरवाची पाने भरून झाली, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी आणि 'एकच प्याला'तील सिंधू यांचे वर्णन आटोपले, की लेखक हलक्या आवाजात नमूद करतो : नारायणरावांनी वेळीच थांबायला हवे होते. विधान सहानुभूतीचे असते, त्यामुळे त्याची तपासणी सहसा होत नाही. थांबण्याची ही वेळ नेमकी कोणती, हे विचारले तर मात्र उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी १९२१ कडे बोट दाखवतो, कोणी तिसाव्या दशकाच्या प्रारंभाकडे, तर कोणी 'धर्मात्मा' या चित्रपटाकडे. या उत्तरांतून बालगंधर्वांइतकाच उत्तर देणारा रसिकही प्रकट होतो.

१९२१ चे उत्तर सर्वांत काव्यमय आहे आणि म्हणूनच सर्वांत कमी विश्वासार्ह. त्या वर्षी ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीच्या स्मृतीत या प्रयोगाला कळसाचे स्थान आहे. ऑक्टोबर १९२१ मध्ये केशवराव वारले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्यांच्या उताराचे चित्र कोणाजवळही नाही. अकालमृत्यूने दिलेली ही अक्षुण्णता पुढे नकळत दुसऱ्या नटाच्या मोजमापाचा दंडक बनली, ही गोष्ट थोडी क्रूरच म्हणावी लागेल. बालगंधर्व तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. 'द्रौपदी'वर वारेमाप खर्च झाला होता, मंडळी कर्जात होती, आणि ते कर्ज फेडण्याची वाट एकच होती : रात्रीमागून रात्री तेच नाटक, तीच रुक्मिणी, तीच सिंधू. गंधर्व नाटक मंडळी हे अनेक कुटुंबांचे पोट होते. ज्याच्या गळ्यावर ते चालत होते, त्याला निवृत्तीचा विचार परवडणारा नव्हता.

तिसाव्या दशकाच्या प्रारंभाचे उत्तर अधिक गंभीर आहे. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी आपली नाटक मंडळी काढली. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलू लागला आणि त्यात तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. १९३३ च्या जुलैत 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. पुरुषाने स्त्री होणे ही जी कला एका पिढीला सौंदर्याची परमावधी वाटत होती, तिच्या पायाखालची जमीन या चारपाच वर्षांत सरकली. बालगंधर्व त्या वेळी पंचेचाळिशीला आले होते.

येथे गुजराती रंगभूमीवरील जयशंकर 'सुंदरी' यांची तुलना अपरिहार्य ठरते. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा, जयशंकरांचा १८८९ चा. दोघेही मुंबईत एकाच काळात स्त्रीभूमिकांनी गाजले, दोघांनाही लोकांनी दिलेली नावेच कायमची चिकटली. जयशंकरांनी १९३२ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, स्त्रीवेष उतरवला आणि ते विसनगरला परतले. सुमारे दीड दशकाने ते अहमदाबादेत पुन्हा नाटकाकडे वळले, पण दिग्दर्शक आणि शिक्षक म्हणून. १९५३ चे 'मेना गुर्जरी' हे त्या दुसऱ्या पर्वाचे फळ. एक नट वेळीच थांबला आणि त्याला दुसरे आयुष्य लाभले, दुसरा थांबला नाही आणि त्याची शोभा गेली, असा निष्कर्ष या तुलनेतून सहज काढता येतो आणि अनेकदा काढला जातो.

तो अपुरा आहे. जयशंकरांची ख्याती मुख्यतः अभिनयाची, चालण्याबोलण्यातील स्त्रीत्वाच्या सूक्ष्म निरीक्षणाची होती. ती विद्या वेष उतरवल्यावरही शिकवता येते. बालगंधर्वांच्या रंगसिद्धीत देखणेपण आणि गाणे इतके एकजीव होते, की प्रेक्षकांना त्यांचा भेद कधी करावा लागला नाही. काळाने तो भेद केला. रूप उतरणीला लागले, गाणे लागले नाही. 'स्वयंवरा'च्या चालींमागे भास्करबुवा बखल्यांची तालीम होती, आणि गायकाचे वय नटाच्या वयासारखे मोजले जात नाही. ज्या वयात नायिका हास्यास्पद ठरू लागते, त्या वयात गवई पक्व होत असतो. एकाच देहात दोन कलावंत नांदत होते, एकाची वेळ भरत आली होती आणि दुसऱ्याची नव्हती. 'थांबायला हवे होते' असे म्हणणारा समीक्षक या दोघांपैकी कोणाशी बोलत आहे, हे तो सांगत नाही.

त्यात पुन्हा 'वन्स मोअर'. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने हा हक्क असा वापरला, की नाटकाचा प्रसंग कोठे संपावा हे नाटककाराच्या हाती उरले नाही. खाडिलकरांची रुक्मिणी पद म्हणून थांबू पाही आणि प्रेक्षागृह तिला थांबू देत नसे. पद वाढत जाई, प्रसंग खोळंबे, रात्र सरे. एका रात्रीतही ज्याला आपल्या इच्छेने थांबू दिले गेले नाही, त्याने आयुष्यात मात्र नेमका क्षण ओळखून थांबावे, ही अपेक्षा त्याच रसिकांच्या वारसांनी करावी यात काहीतरी विपरीत आहे.

तरीही बालगंधर्वांच्या उत्तरकाळाला निर्दोष ठरवता येणार नाही. वाट उपलब्ध होती आणि ती त्यांना दिसलीही होती. १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषवेष, प्रौढ वय, भक्तिरस, त्यांच्या गळ्याला साजेसे सारे होते. प्रभातशी झालेला हा सहयोग त्या एका चित्रपटापुढे गेला नाही. दोनच वर्षांनी 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात, आणि तेही कॅमेऱ्यासमोर, उभे राहिले. रंगमंचाच्या अंतराने आणि दिव्यांनी झाकलेले कॅमेरा झाकत नाही. पुढे गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या, नायिकांच्या भूमिका करू लागल्या, त्यांची गायकीही बालगंधर्वांच्याच वळणाची होती. वारसा सोपवण्याची याहून स्वाभाविक संधी कोणती? तरी साठीच्या आसपासही नारायणरावांचे शालूशी असलेले नाते पुरते सुटले नाही. चूक चालू राहण्याची नव्हती. चालू राहायचे ते रुक्मिणीच्या रूपातच, या आग्रहाची होती. पाय अधू झाल्यावर ते बसून भजने म्हणत, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्या गळ्यात उणे वाटले नाही. कारण तेथे डोळ्यांना जुन्या चित्राशी ताडून पाहण्यासारखे काही नव्हते.

१९६७ साली बालगंधर्व निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी, २३ डिसेंबर १९७० रोजी, वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर हे बालगंधर्वांचे चित्र नव्हे. ते गद्य नट आहेत, त्यांच्या मागे शेक्सपिअरचा लिअर उभा आहे. पण थांबण्याच्या प्रश्नाला मराठी साहित्याने दिलेले सर्वांत मोठे उत्तर याच नाटकात आहे, आणि ते रूढ विधानाच्या अगदी उलट जाते. अप्पा वेळीच थांबतात. सत्कार होतो, टाळ्या पडतात, मिळवलेले मुलामुलीत वाटून दिले जाते. समीक्षकांनी बालगंधर्वांकडून जे मागितले, ते सारे अप्पा पहिल्याच प्रवेशात करून मोकळे होतात, आणि शोकांतिका तेथूनच सुरू होते. लिअर राज्य देतो आणि राजेपण ठेवू पाहतो. अप्पा रंगमंच सोडतात आणि नटपण त्यांना सोडत नाही. घराच्या बैठकीत, सुनेसमोर, पुढे पदपथावर बूटपॉलिशवाल्या राजासमोर जुन्या भूमिका त्यांच्या तोंडून उसळत राहतात. ज्या शब्दांना काल प्रेक्षागृह होते, ते आज घरातील गोंगाट ठरतात.

मात्र शिरवाडकरांनी प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू टाळली आहे, हेही नोंदवले पाहिजे. ऐन उमेदीतले किंवा थकलेले अप्पा रंगमंचावर प्रेक्षकाला दिसतच नाहीत. त्यांचे शेवटचे प्रयोग कसे होते, आवाज बसला होता काय, मागच्या रांगा रिकाम्या राहू लागल्या होत्या काय, हे नाटक विचारत नाही. नटसम्राटाची पदवी गृहीत धरूनच पडदा उघडतो. कुटुंबाकडून झालेला अन्याय दाखवणे त्यामुळे सोपे जाते. काळाकडून कलेवर होणारा अन्याय नाटकाबाहेर राहतो. या बाबतीत बालगंधर्वांचे चरित्र नाटकाहून अधिक निर्दय आणि म्हणून अधिक बोधक आहे.

प्रयोगाच्या इतिहासाने मात्र आपली स्वतंत्र भर घातली. अप्पा प्रथम साकारले श्रीराम लागूंनी. शस्त्रक्रियेचा व्यवसाय सोडून ते वर्षभरापूर्वीच पूर्णवेळ नट झाले होते, आणि या प्रयोगाच्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते. जयशंकर 'सुंदरी' ज्या वयात निवृत्त झाले, त्या वयात लागू निवृत्त नट होऊन उभे राहिले. पुढे ही भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांकडे गेली आणि प्रत्येकाने आपले अप्पा उभे केले. रुक्मिणीच्या बाबतीत तसे घडले नाही. 'स्वयंवर' पुढेही होत राहिले, भूमिका गायिकांनी केल्या, पण त्यांतील कित्येकींनी पदे बसवली ती बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा लावून, त्यांच्या ताना आणि जागा कानात साठवून.