पलटण, पिता आणि पुत्र : फार्ली मोवॅट यांचे दोन युद्धग्रंथ

पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेला नागरी सेनेचा अधिकारी दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आपल्या पलटणीत रुजू होतो, तेव्हा तो नेमक्या कोणाच्या हाकेला ओ देतो? कॅनेडियन लेखक फार्ली मोवॅट यांच्या ‘द रेजिमेंट’ (1955) व ‘अँड नो बर्ड्‌स सँग’ (1979) ह्या ग्रंथांत ह्या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी आढळतात.

दोन्ही ग्रंथांत पलटण एकच आहे : ऑन्टॅरिओ प्रांतातील हेस्टिंग्ज अँड प्रिन्स एडवर्ड रेजिमेंट. शांततेच्या काळात आपापला व्यवसाय सांभाळून कवायतीस येणाऱ्या नागरिकांची ही पलटण होय. ‘द रेजिमेंट’ हा तिचा इतिहास असल्याने त्याचा नायक व्यक्ती नसून समूह आहे. पलटण अखंड आहे असे एकदा गृहीत धरले की जुन्या अधिकाऱ्याचे परतणे स्वाभाविकच ठरते. त्याचे कारण विचारण्याची निवेदनास गरज उरत नाही.

आत्मकथनात मात्र तेच परतणे प्रश्नरूप धारण करते. आरंभीच, सप्टेंबर 1939 मध्ये, लेखकाचे वडील अँगस मोवॅट घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगतात की, पलटणीस सज्ज होण्याचा हुकूम आला असून अधू हातासह आपण मेजर म्हणून परत जात आहोत. कॅनडाने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ते 10 सप्टेंबर रोजी. पित्याची निष्ठा मात्र त्या घोषणेसाठी थांबलेली नाही. ती राष्ट्राआधी पलटणीस वाहिलेली आहे. पुढे पुत्रही त्याच पलटणीत अधिकारी होतो. मराठीत ‘पलटण’ हा शब्द सैन्यास तसाच घरातील मुलाबाळांसही लावतात. येथे ते दोन्ही अर्थ एकरूप झाले आहेत.

जुलै 1943 मध्ये सिसिलीत उतरलेला पुत्र डिसेंबरात ओर्तोनाच्या परिसरात भीतीने पुरता ग्रासला जातो. पहिले युद्ध भोगलेल्या पित्यास ही भीती सर्वस्वी अपरिचित असेल, असे मानणे कठीण आहे. मग आरंभीच्या त्या उत्साहाचा अर्थ काय? मोवॅट पित्यास दोषी ठरवीत नाहीत आणि ही विसंगती स्पष्टीकरणाने मिटवीतही नाहीत. ग्रंथाचे खरे बळ ह्या संयमात आहे.

म्हणून 1955 चा इतिहास असत्य ठरत नाही; परंतु निष्ठा हीच ज्याच्या निवेदनाची भाषा आहे, त्या ग्रंथास निष्ठेची चिकित्सा करता येत नाही. पहिल्या ग्रंथात पलटणीचे ऋण दिसते; ते पुढच्या पिढीने कसे फेडले, हे कळण्यास दुसरा वाचावा लागतो.