नातवंडांचे फोटो, बाळकृष्ण आणि रविवर्म्यांचा नातू

आमच्या बडोद्यात राजा रविवर्म्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अहो, फोटो बघून काढायचे ते!" सूर असा की जणू चोरीच पकडली. गेल्या बैठकीत हे वाक्य पुन्हा आलं, ते मंडळातल्या एका ज्येष्ठ चित्रकारांमुळे. त्यांनी आपल्या नातवंडांचे मोबाइलवर शे-दीडशे फोटो काढले आणि त्यांवरून बाळकृष्णाची पाच तैलचित्रं रंगवली. चित्रं आणि फोटो दोन्ही त्यांनी आमच्यापुढे मोकळेपणाने मांडले, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. फोटो वापरले म्हणून जी टीका झाली ती मला पटली नाही. पण चित्रंही पटली नाहीत. कारण वेगळं आहे.

आधी फोटोचं. तीन वर्षांचं पोर मॉडेल म्हणून पाच मिनिटंही एका जागी बसत नाही, हे ज्याच्या घरी नातवंड आहे त्याला सांगायला नको. ओल्या काचेच्या जमान्यात कॅमेऱ्यालाही ते जमत नसे. काही सेकंद स्थिर राहावं लागे, आणि तेवढ्यात मूल मान फिरवून मोकळं होई. १८८० नंतर कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि चुळबुळणारं मूलही काचेवर उतरायला लागलं. मनगटावरची वळी, आत वळलेला अंगठा, हे चित्रकाराला निवांत बघायला मिळू लागलं. रविवर्म्यांसारखा पोर्ट्रेटवर पोट असलेला माणूस ही सोय नाकारील कशाला? दिवंगत माणसाचं पोर्ट्रेट तर त्या काळी फोटोवरूनच होत असे.

अडचण होते ती कॅमेऱ्याचे दोषही इमानाने कॅनव्हासवर उतरतात तेव्हा. मोबाइल जवळ धरला की कपाळ आणि नाक फुगतं. आजोबा उभे, नातू जमिनीवर, म्हणजे डोकं मोठं आणि पावलं इवलीशी. पाचपैकी तीन बाळकृष्ण असे वरून बघितलेले आहेत. गोकुळात त्यांच्याकडे असं वरून कोण बघत होतं? फ्लॅशने सावल्या खाल्ल्या त्या खाल्ल्याच. लोण्याचं मडकं कागदी दिसतं.

पण हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. मला खटकली ती नजर. पाचही कृष्ण थेट आपल्याकडे बघतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी नुकतंच "इकडे बघ सोन्या, हस बघू" म्हटल्याचे भाव आहेत. लोणी चोरताना पकडलेल्या मुलाने यशोदेकडे बघायला हवं. हा बघतो आजोबांकडे. आजोबांनी काढलेल्या नातवाच्या फोटोत आजोबा दिसत नसले तरी ते असतातच. मुलाचे डोळे त्यांना धरून असतात. घरच्या भिंतीवर हेच तर हवं असतं. गोष्ट सांगणाऱ्या चित्रात मात्र त्याने गोष्ट मोडते. त्या फोटोंमध्ये एक जरा हललेला फोटो होता : नात दाराकडे बघतेय, तोंड अर्धवट उघडं, हातातली वाटी कललेली. तो त्यांनी बिघडलेला म्हणून बाजूला ठेवला होता. माझ्या मते चित्र त्यात होतं.

कॅमेऱ्याकडे बघणारं मूल कृष्ण होऊच शकत नाही, असं मात्र कुणी समजू नये. उदाहरण आपल्याच गावाशी जोडलेलं आहे. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले, पुढे रविवर्मा छापखान्यात त्यांनी काम केलं. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र, आणि 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) कृष्ण झाली ती मुलगी मंदाकिनी. या दुसऱ्या चित्रपटाच्या सुरुवातीला फाळके मंदाकिनीचा नुसता चेहरा दाखवतात. ती समोर बघून एकेक भाव करून दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. ही घरचीच पोर आहे, हे आधी सांगून टाकलं की तिने कॅमेऱ्याकडे बघितलेलं चालतं. मोरपीस खोचून ते लपवायला गेलं की फसतं.

आता रविवर्म्यांचा नातू. सयाजीराव महाराजांसाठीची चौदा पौराणिक चित्रं १८९० च्या सुमारास पुरी झाली. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका यांच्यापुढे आपण बडोदेकर लहानपणापासून उभे राहत आलो आहोत. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांनी एक घरगुती चित्र रंगवलं आणि नाव इंग्रजी दिलं, 'देअर कम्स पापा'. 'ते बघ, बाबा आले' म्हणा ना. मॉडेल त्यांची मुलगी महाप्रभा आणि तिचा छोटा मुलगा. नातवाला समोर उभं करून काढलं की फोटो पुढे ठेवून, यावर माझा मुद्दा अडत नाही. चित्रात आई मुलाला घेऊन उभी आहे, जवळ कुत्रा आहे, आणि दोघांची नजर चौकटीबाहेर डावीकडे, येणाऱ्या बापाकडे. बाप चित्रात नाही. आणि समोर ब्रश घेऊन असलेल्या आजोबांकडे कुणाचंच लक्ष नाही!

रविवर्म्यांची बाकीची चित्रं मला पुष्कळदा नाटकी वाटतात, हे बडोद्यात बसून म्हणणं धाडसाचं असलं तरी म्हणतो. या चित्रातला नाटकीपणा मला चालतो, कारण ज्याची वाट बघितली जातेय तो दिसत नाही. शिवाय त्या घरात 'बाबा आले' हे वाक्य आपल्याकडल्यासारखं रोजचं नव्हतं. मावेलिक्करच्या राजघराण्यात मरुमक्कत्तायम, म्हणजे आईकडून वंश आणि वारसा चालवणारी पद्धत होती. मुलं आईच्या घराण्याची, बाप बाहेरच्या घराण्याचा. रविवर्मा स्वतः किळिमानूरचे, १८६६ मध्ये त्यांचं लग्न मावेलिक्करच्या भागीरथीशी झालं; म्हणजे महाप्रभाही आईच्या घराण्याची आणि तिचा मुलगाही त्याच घराण्याचा. त्यात हा माणूस आयुष्यभर बडोदा, म्हैसूर, मुंबई करत फिरणारा. वाट बघायला लावणारा बाप तोही होताच. ही पद्धत तेव्हा डळमळू लागली होती. शेजारच्या ब्रिटिश मलबारात १८९६ मध्ये तिथल्या संबंधांना नोंदणी करून विवाहाचा दर्जा देणारा कायदा झाला. काही अभ्यासक या चित्रात बाप-आई-मूल अशा नव्या छोट्या कुटुंबाची जाहिरात बघतात. इंग्रजी नाव आणि तो कुत्रा बघता त्यांना खोडून काढणं कठीण आहे. मला त्यात जाहिरातीपेक्षा हुरहुर जास्त दिसते. जो कुलाच्या हिशेबात बाहेरचा, त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. आणि रंगवतोय तो दुसरा तसाच बाहेरचा.

मूल कुणाचं, हा प्रश्न त्या घरात पुढेही सुटला नाही. १९०० मध्ये त्रावणकोरच्या राजघराण्याने रविवर्म्यांच्या दोन नाती दत्तक घेतल्या, दोन्ही अगदी लहान. त्यातली सेतू लक्ष्मीबाई महाप्रभेचीच मुलगी, चित्रातल्या बाळाची धाकटी बहीण. जेमतेम पाच वर्षांची ती पोर राणी म्हणून मावेलिक्करहून त्रिवेंद्रमला गेली. पुढे १९२४ ते १९३१ ती त्रावणकोरची कारभारीण होती.