ओटीपी मुंबईला, आजी पालीत

आज पुस्तकाचं नाही, एका सरकारी सेवेचं परीक्षण करतोय आपण. ई-संजीवनी. घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची तिची सोय १३ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत सुरू झाली. फी नाही. मोबाइल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी घालायचा, टोकन घेऊन थांबायचं. डॉक्टर पडद्यावर येतात, औषधांची चिठ्ठी फोनवर मिळते. सोय चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आम्ही नव्याच्या विरोधात आहोत असं वाटायचं तुम्हाला.

आता ही सोय इथे पालीत आणून बघू. महामार्गावरचं गाव, कोल्हापूरचा रस्ता इथूनच फुटतो, रत्नागिरी वीसेक किलोमीटर. वरच्या वाडीतली एखादी आजी धरा. बीपीची गोळी रोजची. मुलगा मुंबईला, आधार, बँक, गॅस, सगळीकडे नंबर त्याचाच. आजीकडे बटणांचा फोन. कोकणात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. म्हणजे ओटीपी जाणार मुंबईला, मुलगा लोकलमध्ये लटकलेला, आणि ज्या बाईला गरगरतंय ती पालीत. रुग्ण आणि फोन एकाच जागी असतात, हे या रचनेने धरूनच टाकलंय. आमचा मुख्य आक्षेप तो.

बरं, नियमांना हे घर माहीत नाही असं नाही. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. रुग्णाच्या वतीने काळजीवाहू नातेवाईक बोलू शकतो, त्यासाठीचं अधिकारपत्र वगैरे सगळं त्यात आहे. पण मुंबईतून मुलगा बोलला, तरी बीपी कोण मोजणार? त्याच नियमांत काही औषधं अशी आहेत की पहिल्या भेटीत ती व्हिडिओवर बघूनच लिहून द्यायची, नुसत्या फोनवर नाही. रास्तच आहे ते. फक्त रेंज जिथे अंगणाच्या एका कोपऱ्यात सापडते, तिथे त्याचा अर्थ काय होतो?

या सेवेचं दुसरं, आधीचं रूप आहे, नोव्हेंबर २०१९ चं. त्याची चर्चा कमी होते, आणि आम्हाला तेच जास्त पटतं. आजी गावच्या आरोग्य केंद्रात जाते. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी मोजतात, 'गरगरतंय' म्हणजे नेमकं काय ते तिच्याच बोलीत विचारतात आणि पलीकडच्या डॉक्टरांना सांगतात. ओटीपीची भानगड आजीच्या डोक्यावर नाही. मध्ये माणूस आहे म्हणून साधन चालतं. ती खुर्ची रिकामी असेल तर पडदा म्हणजे नुसता टीव्ही.

तेव्हा पैसा नव्या ॲपवर घालण्याआधी त्या खुर्चीवर घाला, असं आम्ही म्हणू. आणि चिठ्ठी छापून आजीच्या हातात द्या. मुलालाही जाऊ दे मेसेज, त्याला कळायला हवंच. पण गोळ्या आणायला पालीच्या बाजारात तीच उतरणार आहे.