लांब नोकरी, छोटा सीव्ही : नेमकं काय कापायचं?

पंधरा-वीस वर्षं नोकरी करून संशोधनाकडे वळणाऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. "सीव्ही दोन पानांत बसव. शेवटची दहा वर्षं ठेव, जुनं सगळं उडव." हा सल्ला कंपन्यांच्या भरतीतून आलाय. तिथे तो चालत असेल. पीएचडीच्या मुलाखतीला मात्र तो अपुरा पडतो आणि कधीकधी नुकसानही करतो. आजच्या पोस्टमध्ये या सल्ल्याची जरा उलटतपासणी करू.

आधी आपला बायोडाटा

वाशिंद काय, आसनगाव काय, झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटा टाइप करून मिळतो. साचा ठरलेला. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता, दहावीपासूनची टक्केवारी, छंद आणि शेवटी "वरील माहिती खरी आहे" असं लिहून सही. उंची आणि पत्रिका घातली की हाच कागद लग्नालाही चालेल! नोकऱ्या वाढतात तशा याच साच्यात खाली ओळी वाढत जातात आणि वीस वर्षांनी त्याचं सर्व्हिस बुक होतं.

या कागदातून माणूस कुठला, कोणाचा, कुठे कुठे होता हे कळतं. त्याला कोणता प्रश्न पडलाय, हे कळत नाही. मुलाखत घेणाऱ्यांना तर तेवढंच हवं असतं. म्हणजे लांबी हा मूळ दोष नाहीच. लांबी दिसते, कारण कागदाला मध्यवर्ती प्रश्न नाही.

समिती काय शोधते?

यूजीसीच्या 2016 च्या पीएचडी नियमावलीत मुलाखतीत काय पाहावं हे तीन मुद्द्यांत सांगितलं होतं. उमेदवाराकडे या संशोधनाची क्षमता आहे का? हे काम त्या संस्थेत नीट होऊ शकेल का? त्यातून ज्ञानात काही नवी भर पडेल का? 2022 मध्ये नवी नियमावली आली. त्यात प्रवेश परीक्षेतून येणाऱ्यांसाठी लेखीला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन ठेवलं आहे. पण समोर बसलेला प्राध्यापक आजही मनात हेच तीन प्रश्न घेऊन बसतो.

मग कापायची कसोटी वर्षांची ठेवायची कशाला? प्रत्येक ओळीला विचारा: बाई, तू या तीनपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतेस? एकाचंही देत नसेल तर ती ओळ कालची असो की वीस वर्षांपूर्वीची, तिचं काम संपलं.

एक उदाहरण करून बघू

समजा, वाशिंदचा एक माणूस आहे. वय पंचेचाळीस. आधी सहा वर्षं कारखान्यात स्टोअर क्लार्क, मग पाच वर्षं विमा एजंट, मग चार वर्षं ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिक्षक आणि आता पाच वर्षं एका पाणलोट प्रकल्पात क्षेत्र कार्यकर्ता. त्याला अभ्यास करायचाय शहापूर तालुक्यातल्या टँकरच्या पाण्याचा. तानसा आणि भातसा दोन्ही धरणं याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर फिरतो. विषय दमदार आहे.

आता त्याच्या सीव्हीत पाणलोटाच्या कामाला चार-पाच ओळी हव्यात. पण "गावभेटी, सर्वेक्षण, अहवाल लेखन" असं मोघम नको. किती पाड्यांवर काम केलं, विहिरींच्या पातळीच्या नोंदी किती हंगाम ठेवल्या, त्या नोंदी आज कोणाकडे आहेत, हे हवं. शिक्षकीला एक ओळ. कारखान्याला अर्धी.

आणि विमा एजंटची पाच वर्षं? दहा वर्षांच्या नियमाने त्यातली बरीचशी उडतील. पण ज्या पाड्यांवर तो हप्ते गोळा करत फिरला, तिथल्या घरांत त्याला आजही ओळखतात. क्षेत्रकार्य करणाऱ्याला ही ओळख मिळवायलाच वर्ष जातं. ती एक ओळ क्षमतेच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. ती ठेवायचीच.

आता विषय बदला. याच माणसाला कारखान्यांतल्या ठेका कामगारांवर काम करायचंय. लगेच स्टोअर क्लार्कची सहा वर्षं वर येतात, कारण मालाच्या आवकजावकीबरोबर कोणत्या ठेकेदाराची माणसं कधी आत-बाहेर होतात हे त्याने रोज पाहिलंय. पाणलोट एका ओळीत जातो. माणूस तोच, वर्षं तीच, सीव्ही दोन. म्हणून विषय ठरायच्या आधी सीव्ही छोटा करायला बसू नका.

एक सावधगिरी. ओळ लहान करा, साल गाळू नका. मधली पाच वर्षं गायब दिसली की मुलाखतीची पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. "इतर नोकऱ्या" असं शीर्षक देऊन साल, पद आणि ठिकाण एका ओळीत लिहिलं की भागतं.

ही सवय येते कुठून?

दोष एकट्या उमेदवाराचा नाही. आपली व्यवस्थाच मोजदाद शिकवते. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी उमेदवार निवडून मुलाखतीला बोलावण्याचा 100 गुणांचा तक्ता आहे. त्यात पीएचडीला 30, शोधनिबंधांना प्रत्येकी 2 याप्रमाणे जास्तीत जास्त 10 आणि अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला 2 याप्रमाणे जास्तीत जास्त 10 गुण. म्हणजे पाच वर्षांनंतरच्या अध्यापनाला वेगळे गुण नाहीत आणि कारखान्यातल्या किंवा पाड्यावरच्या वर्षांना रकानाच नाही. ज्याचा रकाना नाही ते काम आपल्यालाही बिनकामाचं वाटायला लागतं. मग एक तर आपण ते लपवतो, नाहीतर घाबरून सगळंच ओततो.

बाहेर यावर वेगळे प्रयोग झालेत. अमेरिकेच्या एनआयएचने 2015 मध्ये संशोधकाची ओळख पाच पानांत बांधली. त्यात विज्ञानातली योगदानं जास्तीत जास्त पाच आणि प्रत्येकाखाली प्रकाशनं चारच. लंडनच्या रॉयल सोसायटीने 2019 मध्ये यादीऐवजी चार प्रश्नांची गद्य उत्तरं मागणारा नमुना मांडला : ज्ञानात काय भर घातली, माणसं कशी घडवली, संशोधक समुदायासाठी काय केलं, समाजासाठी काय केलं. मला हा नमुना आवडतो, पण त्यातही खोट आहे. ज्याला आपल्याबद्दल सफाईने लिहिता येतं, त्याचं फावतं. पाड्यावर पाच वर्षं राबलेला माणूस चार वाक्यांत अडखळतो. म्हणून पूर्ण गद्यही नको आणि नुसती यादीही नको. यादी ठेवा, पण प्रत्येक महत्त्वाच्या ओळीखाली तिचा विषयाशी संबंध सांगणारं एक साधं वाक्य लिहा.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी

पहिली, सीव्ही आणि विद्यापीठाचा अर्ज यांची गल्लत करू नका. अर्जात जे जे विचारलंय ते सगळं भरायचं, दाखले जोडायचे, तिथे काटछाट नाही. कात्री फक्त सीव्हीला.

दुसरी, नोकरी चालू ठेवून पार्ट-टाइम पीएचडी करणार असाल तर 2022 च्या नियमावलीप्रमाणे नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं त्यात असावं लागतं. त्यामुळे सध्याची नोकरी विषयाशी कितीही विसंगत वाटली तरी ती सीव्हीत ठळक राहू द्या.

कापून झालं की कागद अशा कोणाला तरी द्या, ज्याला तुमचा विषय माहीत नाही. एक मिनिट वाचू द्या आणि विचारा, "मला कशावर काम करायचंय?" उत्तर बरोबर आलं तर सीव्ही तीन पानांचा असला तरी चालेल. नाही आलं तर एका पानाचाही लांबच आहे.