'चे' किती सांगतो?

इंग्रजीत 'ऑलिव्ह ऑइल' ऑलिव्हपासून काढलेले, 'बेबी ऑइल' मात्र बाळासाठीचे. नामाला नाम जोडले की झाले. संबंध दाखवणारा प्रत्यय नाही. क्रम तेवढा पक्का: 'हाउसबोट' ही बोट, 'बोटहाउस' हे बोटी ठेवण्याचे घर. यावरून इंग्रजी मोघम आणि विभक्तीमुळे मराठी नेमकी, असे आपण अभिमानाने सांगतो. मीही वर्षानुवर्षे तेच मानले. पण 'तिळाचे तेल' आणि 'दिव्याचे तेल' शेजारी ठेवून पाहा. 'चे' तोच; एक तिळातून निघते, दुसरे दिव्यात जळते. पाणिनीनेही षष्ठी उरलेल्या संबंधांसाठीच ठेवली. संबंध दोन्हीकडे ऐकणाराच अनुभवातून भरतो. म्हणून अनुवादकाने आधी विग्रह करावा. इंग्रजी नामांमध्ये नुसता 'चा-ची-चे' खोवल्याने अर्थ उलगडत नाही, झाकला जातो.