'स्मृतिचित्रे'तील निष्ठेचा अर्थ : ख्रिस्ती जीवनमूल्याच्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना

विश्वासूपणा हे ख्रिस्ती जीवनातील एक पायाभूत मूल्य मानले जाते. मात्र मराठीत या मूल्याची चर्चा बहुधा उपदेशाच्या अंगाने झाली आहे. ते प्रत्यक्ष संसारात कसे कसाला लागते याचा शोध घ्यावयाचा असेल, तर लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध) या आत्मचरित्राकडे वळावे लागते. पतीच्या पाठोपाठ धर्मांतर करणारी एकनिष्ठ पत्नी, अशी लक्ष्मीबाईंची एक रूढ प्रतिमा आहे. ही प्रतिमा ग्रंथाला न्याय देत नाही, आणि ख्रिस्ती निष्ठेलाही नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

संकल्पनेचे स्वरूप

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील 'पिस्तिस' या शब्दात श्रद्धा आणि विश्वासूपणा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीतही 'विश्वास' आणि 'विश्वासू' एकाच धातूपासून आलेले आहेत. हिब्रू 'एमुना', प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा 'आमेन' आणि अरबी 'ईमान' हे तिन्ही शब्द एकाच सेमिटिक धातूचे होत. फारसीच्या द्वारे मराठीत आलेल्या 'इमान' या शब्दावर मात्र चाकरीची छाया पडली. खाल्ल्या मिठाला जागणे, धन्याशी बेइमान न होणे, असा खालून वर जाणारा एकेरी अर्थ त्याला चिकटला.

बायबलमधील कल्पना याहून वेगळी आहे. तेथे देव प्रथम करार पाळतो आणि माणसाची निष्ठा हे त्याला दिलेले उत्तर असते. जुन्या करारातील रूथ ही मवाबी विधवा सासूला सोडून जाण्यास मोकळी होती. सासूनेच तिला माहेरी परतण्यास सांगितले होते. बंधन संपल्यावरही ती राहिली, म्हणून तिची निष्ठा मोलाची ठरली. सक्ती उरलेली नसताना कोण टिकून राहते, ही या मूल्याची खरी कसोटी होय.

दोन निष्ठांचा संघर्ष

नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताशी निष्ठा राखण्यासाठी त्यांनी जात, प्रतिष्ठा आणि आप्तजन गमावले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात गौरवाने सांगितली जाते. ती गौरवास्पद आहेच. परंतु या निष्ठेची किंमत मोजण्यात पत्नीचाही वाटा होता आणि तो तिला विचारून ठरलेला नव्हता. नवऱ्याच्या हयातीत विधवेसारखे दिवस काढणे, लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहणे, लोकांच्या नजरा सोसणे, हे सारे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. एका निष्ठेने दुसरी मोडते काय, हा प्रश्न 'स्मृतिचित्रे' कोठेही तात्त्विक भाषेत मांडत नाही. पण तो ग्रंथाच्या मध्यभागी सतत उभा आहे.

येथे तत्कालीन कायद्याचा संदर्भ लक्षात घेणे उपयुक्त ठरते. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदविषयक कायद्यान्वये, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सहवास नाकारल्यास धर्मांतरित व्यक्तीस न्यायालयाकडे दाद मागता येत असे. म्हणजे हा विवाह मोडण्याची वाट कायद्याने उपलब्ध होती. तो मोडला नाही. पती-पत्नींमध्ये धर्माचे अंतर होते, तरी संबंध तुटला नाही. आणि रूथच्या गोष्टीप्रमाणे येथेही निष्ठेला अर्थ आला तो वाट मोकळी असल्यामुळेच.

लक्ष्मीबाईंची स्वतंत्र वाटचाल

काही काळाने लक्ष्मीबाई नगरला पतीजवळ आल्या, तरी सोवळेओवळे आणि स्वतंत्र स्वयंपाक त्यांनी सोडला नाही. त्यांचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. ही पाच वर्षे या ग्रंथाचा गाभा होत. या काळात त्यांचे मन बदलले ते एखाद्या धर्मसिद्धान्ताने नव्हे, तर जातिभेद देवाने केला की माणसाने, या त्यांच्या स्वतःच्या प्रश्नाने. पतीच्या आज्ञेने त्या ख्रिस्ती झाल्या असत्या, तर ते १८९५ मध्येच घडले असते. त्यांचा विलंब हाच त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे. न पटलेली गोष्ट पतीसाठीही न स्वीकारणे, आणि पटल्यावर समाजासाठीही न नाकारणे, असे या निष्ठेचे दुहेरी स्वरूप आहे.

पुढे या निष्ठेला वाङ्मयीन रूपही मिळाले. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूमुळे (१९१९) अपुरे राहिले. फारसे शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी त्यातील बहुतांश अध्याय लिहिले. त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

ग्रंथाच्या मर्यादेचाही उल्लेख केला पाहिजे. टिळकांचा लहरीपणा लक्ष्मीबाई इतक्या खेळकरपणे सांगतात की वाचक हसतो आणि त्यामागील यातना नजरेआड होते. त्यांच्या विनोदाची योग्य प्रशंसा झाली आहे. पण हा विनोद काही वेळा पतीला जाब विचारण्याचे टाळतो, हेही मान्य करावयास हवे.

संस्था आणि निष्ठा

निष्ठा म्हणजे संस्थेची आज्ञाधारकता, हा दुसरा रूढ समज होय. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला; परंतु तेथील धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी स्वतःच्या विवेकाचा अधिकार निक्षून सांगितला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर आयुष्याच्या अखेरीपर्यंत केले. दोघांनीही संस्थेचा अधिकार अंतिम मानला नाही, आणि दोघांनीही ख्रिस्त सोडला नाही. त्यांना अविश्वासू म्हणणे कोणासही जड जाईल.

समारोप

या विवेचनाचा आपल्या परिसराशी निकटचा संबंध आहे. तुकोबांच्या अभंगांनी टिळकांना ख्रिस्तापर्यंत पोहोचण्याचा मार्ग दाखविला, हे त्यांनी स्वतः मान्य केले होते. त्या तुकोबांचे देहू पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या दरम्यान इंद्रायणीकाठी आहे. आज याच पट्ट्यात हजारो कामगार कंत्राटी पद्धतीने काम करतात. त्यांच्याकडून कंपनीशी निष्ठेची अपेक्षा केली जाते. कंपनीने मात्र त्यांना ठरावीक मुदतीपुरतेच बांधून घेतलेले असते. आपल्या वर्गात बसणारी अनेक मुले याच घरांतून येतात. 'निष्ठा' हा शब्द त्यांना शिकविताना तो चाकरीच्या इमानापुरता शिकवावयाचा, की दोन्ही बाजूंनी पाळावयाच्या कराराच्या अर्थाने, हे अध्यापकांनी ठरविणे आवश्यक आहे.

'स्मृतिचित्रे' दुसऱ्या अर्थाच्या बाजूने साक्ष देते. लक्ष्मीबाई पतीबरोबर राहिल्या आणि ख्रिस्ती झाल्या, या दोन स्वतंत्र घटना आहेत. त्यांची गल्लत केल्यास एका स्वतंत्र बुद्धीच्या स्त्रीची श्रद्धा आपण तिच्या पतीच्या नावे जमा करतो. अभ्यासक्रमात हा ग्रंथ शिकविताना ही चूक टाळली गेली पाहिजे.